मंगळवार पेठेतलं महिन्याचं पार्किंग: गाडी दारातनं हलवून लांब लावतोय, त्याचा रिव्ह्यू

आधी ज्यांना नुसती माहिती पायजे त्यांच्यासाठी सांगतो. कोल्हापुरात मंगळवार पेठेच्या कडेला, मिरजकर तिकटीपासून चालत सात-आठ मिनिटांवर, एका बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीची मोकळी जागा आहे, तिथं मालकानं महिन्याच्या भाड्यावर गाड्या लावायची सोय केलीय. चारचाकीला महिन्याला 1,200, दुचाकीला 250, एका महिन्याचं डिपॉझिट, पैसे यूपीआयनं घेतात, पावती मागितली तर देतात, न मागता देत नाहीत. गेट पहाटे 5 ला उघडतं, रात्री 11 ला बंद, त्यानंतर यायचं असलं तर वॉचमन मामांना आधी फोन करून ठेवायचा. जागेचं आणि मालकाचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि एका माणसाचा धंदा आहे, पेठेतल्यांना कुठली जागा ते कळंलच. माझ्याकडनं पाचपैकी चार मार्क. एक कापलाय तो नवरात्रासाठी, ते पुढं येतंय.

आता ही सोय का घेतली ते सांगायला पायजे, नाहीतर लोक म्हणणार की दारात फुकट जागा असताना 1,200 रुपये कशाला घालवायचे. आमची गल्ली जुनी, एका बाजूला चारचाकी लागली की दुसऱ्या बाजूनं रिक्षा आरसे मिटून जाते. पूर्वी गल्लीत एखाद-दुसरी गाडी असायची, आता एकेका घरात दोन-दोन, शिवाय पोरांच्या बाईका. आणि प्रत्येकानं आपापल्या दारापुढची जागा धरून ठेवायला काय काय मांडलेलं, तेलाच्या डब्यात सिमेंट ओतून मधी पाइप रोवलेला आणि त्यावर हातानं रंगवलेला नो पार्किंगचा पत्रा, फुटक्या कुंड्या, दगड, जुने टायर. गॅसचा टेम्पो आत येत नाही म्हणून आमच्याकडं वर्षानुवर्षं सिलेंडर कोपऱ्यावरनं ढकलत आणायचा. अग्निशमनचा बंब आला तर तो आत कुठनं येणार हा प्रश्न प्रत्येकाच्या डोक्यात असतो आणि प्रत्येकजण आपली गाडी सोडून बाकीच्यांच्या गाड्या हलवायला पायजेत म्हणतो. रस्ता महापालिकेचा, दारापुढचा असला म्हणून कुणाच्या नावावर होत नाही, हे कायद्यानं सरळ आहे, पण हे गल्लीत मोठ्यानं म्हणून बघा, भांडण झालंच म्हणून समजा.

यावर आमच्या मंडळानं एक उपाय काढलेला, त्याचाही रिव्ह्यू इथंच देतो कारण दोन्ही गोष्टी एकमेकांना लागून आहेत. मंडळानं गल्लीचे स्टिकर छापले. ज्याच्या काचेवर स्टिकर त्यानं गल्लीत गाडी लावायची, बाहेरच्यानं लावायची नाही. पोरांनी मनापासून काम केलं, घरोघरी फिरले, गाडीचे नंबर वहीत लिहून घेतले, वर्षाला 500 रुपये वर्गणी ठेवली. पहिले काही आठवडे मस्त चाललं, अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या परगावच्या गाड्या घुसायच्या त्या थांबल्या. पण स्टिकर देताना जागा कुणी मोजलीच नाही. ज्यानं मागितला त्याला दिला, ज्याच्या दोन गाड्या त्याला दोन, भाडेकरूला दिला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला दिला, कुणाच्या तरी पाहुण्याला पण दिला. जागेच्या दुप्पट स्टिकर झाले. मग संध्याकाळी सातनंतर येणाऱ्याच्या काचेवर स्टिकर आहे आणि लावायला जागा नाही, आणि त्यानं वर्गणी भरलेली असल्यामुळं आता त्याचा आवाज आधीपेक्षा चढा. "पैसे भरलेत आम्ही" असं प्रत्येकजण म्हणणार आणि प्रत्येकाचं बरोबरच. शिवाय मंडळाला हा अधिकार कायद्यानं नाहीच, बाहेरच्या माणसानं गाडी लावली आणि तो हटून बसला तर मंडळ काय करणार, पोलिसांनाच बोलवायला लागणार. पोरांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे, पण त्या स्टिकरला मी पाचपैकी दोनच देईन.

वखारीच्या जागेत नेमकं उलटं आहे. तिथं मालकानं आधी जागा मोजली. फुटबॉलचं मैदान आखणाऱ्या एका पोराला बोलवून त्यानं फक्कीनं, म्हणजे मैदान आखायच्या पांढऱ्या भुकटीनं, रेघा मारून घेतल्या, एका गाडीला अडीच मीटर बाय पाच मीटर, दोन्ही बाजूंची दारं उघडून माणूस नीट उतरतो एवढी जागा. मधला रस्ता मोकळा ठेवला. जेवढे चौकोन तेवढीच माणसं घेतली, त्यावर एक पण नाही. मी नाव लावायला गेलो तेव्हा जागा नव्हती आणि त्यानं सरळ सांगितलं की कोणतरी सोडल्यावर फोन करतो, जादा पैसे देतो म्हणणाऱ्याला पण हेच सांगितलं आणि खरंच फोन केला. पावसात फक्की धुऊन गेली तेव्हा मामांनी भिंतीवर ऑइलपेंटनं नंबर घातले आणि दोन गाड्यांच्या मधी अर्ध्या विटा पुरून घेतल्या, त्यामुळं आता कुणाचं चाक दुसऱ्याच्या हद्दीत जात नाही. माझा नंबर भिंतीकडचा आहे, वर शेजारच्या घराचं पेरूचं झाड आलंय, त्याची पिकली फळं पावसाळ्यात टपावर पडतात आणि वटवाघळं घाण करतात, कव्हर घालायलाच लागतं. मामांना सांगितल्यावर त्यांनी फांदी शेजाऱ्यांकडनं छाटून घेतली, आता बरंय.

जागा मुरमाची आहे. जुलैत मागच्या दोन ओळींत चिखल होतो आणि छोट्या गाडीचं चाक फसतं, मालकानं वरनं खडी टाकलीय पण ती गेटाजवळ जास्त आणि आत कमी. मागच्या कोपऱ्यात उजेड कमी पडतो, एक दिवा आहे तो कधी लागतो कधी नाही, बायकांना रात्री एकटीनं गाडी लावून यायचं तर हे सुधारायलाच पायजे आणि हे मी मालकाला तोंडावर सांगितलंय. सीसीटीव्ही गेटावर आहे, आत नाही. चोरी किंवा घासाघाशीचा प्रकार माझ्या माहितीत झालेला नाही, पण ते मामांमुळं, कॅमेऱ्यामुळं नाही. मामांना प्रत्येक गाडीचा आवाज ओळखू येतो. माझ्या मागच्या चाकात हवा कमी आहे हे मला त्यांनी आदल्या रात्री गाडी आत येताना बघून सांगितलं, मी सकाळी पंक्चर काढून घेतलं आणि मगच हायवेला लागलो.

आता नवरात्राची तक्रार. नवरात्रात अंबाबाईच्या मंदिराभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद होतात, भवानी मंडप, महाद्वार रोड, बिंदू चौक सगळीकडं माणूसच माणूस, आणि कर्नाटक, आंध्र, तेलंगणातनं आलेल्या गाड्या जागा शोधत पेठांतनं फिरत असतात. त्या दिवसांत वखारीच्या मालकानं मधल्या मोकळ्या रस्त्यावर तासाच्या भावानं बाहेरच्या गाड्या घेतल्या. महिनेवाल्यांच्या पुढं गाड्या आडव्या लागल्या, त्यांचे मालक दर्शनाच्या रांगेत, आणि माझी गाडी आत अडकलेली. आईला फिजिओथेरपीला न्यायचं होतं, शेवटी रिक्षानं नेली. मालकाशी बोललो, मी एकटा नाही, आम्ही चार-पाचजण मिळून गेलो, आणि सांगितलं की तुमची कमाईची वेळ आहे हे आम्हाला कळतंय, पण आम्ही वर्षभर पैसे देतो ते गाडी हवी तेव्हा बाहेर काढता यावी म्हणून. त्यानं ऐकून घेतलं, गेटाजवळची एक ओळ तासाच्या गाड्यांना वेगळी केली आणि आडव्या गाड्या बंद केल्या. पण हे आधीच ठरवायला पायजे होतं. म्हणून एक मार्क कमी.

चालण्याबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात. रोज तेवढं चालायला होतंय का, पावसात काय करता, सामान असलं तर काय. होतंय की. कामाला जाताना चाललं तर काहीच वाटत नाही, वाटेत दूध-भाजी होते, दोन माणसं भेटतात. सामान असलं की गाडी दारापर्यंत आणायची, उतरवायचं आणि लगेच परत नेऊन लावायची, गल्ली मोकळी असली तर दोन मिनिटांचं काम आहे. आईसाठी पण तसंच, तिला दारात बसवायचं, दारात उतरवायचं. रात्री अचानक दवाखाना लागला तर रिक्षा आहेत, कोल्हापुरात रिक्षावाल्यांनी कधी नाही म्हटलेलं माझ्या तरी आठवणीत नाही, आणि अँब्युलन्स दारात यायची तर गल्ली मोकळीच पायजे ना. ज्यांना चालताच येत नाही, ज्यांच्या घरात अपंग माणूस आहे, त्यांच्यासाठी मात्र गल्लीत जागा राखून ठेवलीच पायजे, त्यात वाद नको.

आमच्या गल्लीतली काही घरं आता वखारीत गेलीत आणि फरक डोळ्यांनी दिसतोय. आमच्या बाजूचा कट्टा गाड्यांच्या मागं गडप झालेला, तो परत दिसायला लागला, संध्याकाळी बायका बसतात, पोरं फुटबॉल खेळतात. आमच्या समोरच्या काकू सकाळी दारात सडा-रांगोळी घालतात, आधी त्यांना बंपरच्या खाली वाकून रांगोळी काढायला लागायची. सिलेंडर आता दारात येतो. पण अडचण अशी की एकानं जागा मोकळी केली की दुसरा तिथं सेकंडहँड गाडी आणून लावतो. मोकळी केलेली जागा मोकळी ठेवायचं काम कुणाचं, हे गल्लीच्या पातळीवर सुटत नाही, ते महापालिका आणि वाहतूक पोलिसांनाच करायला लागणार.

म्हणून रहिवासी पार्किंग परमिटबद्दल दोन शब्द लिहितो, कारण आपल्याकडं हे कधी ना कधी येणार आणि आल्यावर मंडळाच्या स्टिकरसारखं होऊ नये असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेत अर्लिंग्टन म्हणून वॉशिंग्टनला लागून भाग आहे, तिथं आसपासच्या ऑफिसांत येणारी माणसं दिवसभर वस्तीत गाड्या लावून जायची, म्हणून तिथल्या प्रशासनानं रहिवाशांना परमिट दिले आणि बाहेरच्यांना बंदी घातली, ते भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1977 ला कोर्टानं सांगितलं की रहिवाशांना असं प्राधान्य देता येतं. देवीला येणाऱ्या गाड्यांनी भरणाऱ्या आपल्या गल्ल्यांचा प्रश्न थेट तसाच आहे. पण तिकडं सुद्धा परमिट म्हणजे दारापुढची जागा नव्हे, त्या भागात जागा मिळाली तर लावायची परवानगी, एवढंच. हे आपल्याकडं पहिल्या दिवशी सांगितलं नाही तर प्रत्येकजण परमिट म्हणजे सातबारा समजणार.

दुसरं पैशाचं. बेंगळुरूच्या 2021 च्या पार्किंग धोरणात रहिवाशांच्या परमिटला वर्षाला छोट्या गाडीला 1,000 पासून मोठ्या गाडीला 5,000 पर्यंत दर धरलेले. गाडीच्या आकाराप्रमाणं दर ही गोष्ट मला पटते, फॉर्च्युनर आणि अल्टो सारखीच जागा खात नाहीत. पण वखारीत मी वर्षाला 14,400 भरतोय. समजा उद्या महापालिकेनं 1,000 रुपयात रस्त्याचा परमिट दिला तर वखारीतला प्रत्येकजण गाडी काढून परत गल्लीत आणणार, मालक प्लॉट विकणार, तिथं इमारत होणार आणि आपण होतो तिथं. रस्त्यावरची जागा कडेच्या प्लॉटपेक्षा स्वस्त ठेवायचीच नाही, महागच पायजे, सवलत द्यायची ती अपंगांना आणि ज्यांचं पोट गाडीवर आहे त्या टेम्पो-रिक्षावाल्यांना. हिशोब करून बघा, एका गाडीला साडेबारा चौरस मीटर म्हणजे साधारण 135 चौरस फूट जागा लागते, आपल्या पेठेत तेवढ्या खोलीचं भाडं काय आहे आणि गाडीला ती फुकट मिळतेय. 2018 ला पुण्यात रात्रीच्या पार्किंगला पैसे घ्यायचं निघालं तेव्हा एवढा विरोध झाला की ते सोडून द्यायला लागलं. विरोध मला कळतो, आधी पर्याय दाखवा मग पैसे मागा, आणि पर्याय म्हणजे असल्या वखारी, बंद पडलेल्या मिल, पेठेच्या कडेच्या मोकळ्या जागा.

जपानात 1962 पासून कायदा आहे की शहरात गाडी नावावर करायची तर ती कुठं लावणार ती जागा पोलिसांना दाखवायची, आणि ती जागा दारातच पायजे असं नाही, घरापासून 2 किलोमीटरच्या आत असली की चालते. आपल्याकडं परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी 2025 ला पार्किंगच्या दाखल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नको असं बोलून दाखवलं तेव्हा लोक चिडले की जुन्या पेठेतल्या माणसानं गाडीच घ्यायची नाही काय. घ्यायची की, पण वखारीची पावती जोडायची. माझं तर म्हणणं आहे की असल्या प्लॉटच्या पावतीला दाखल्याची किंमत दिली तर दहा वखारवाले उद्या पुढं येतील. त्यात एकच अट, एका चौकोनावर एकच पावती, आणि कुणीतरी जाऊन मोजायचं.

जर्मनीत फ्रायबुर्ग शहरात फाउबान नावाची वस्ती आहे, पूर्वी तिथं फ्रेंच सैन्याची छावणी होती. तिथल्या बऱ्याच रस्त्यांवर गाडी आणता येते, माणूस-सामान उतरवता येतं, लावता येत नाही. गाडी पायजे त्यानं वस्तीच्या कडेच्या पार्किंग इमारतीत जागा विकत घ्यायची, गाडी नाही त्यानं तसं लिहून द्यायचं. ट्रामसुद्धा आहे. वखारीत गाडी लावणारा माणूस नेमकं हेच करतोय, फक्त आपल्याकडं ते नशिबावर चाललंय. लंडनमधे तर बऱ्याच नव्या इमारतींना परवानगी देतानाच अट घालतात की इथल्या रहिवाशांना रस्त्याचा परमिट मिळणार नाही, अपंग सोडून. त्यामुळं फ्लॅट घेणाऱ्याला आधीच कळतं. आपल्याकडं जुना वाडा पाडून अपार्टमेंट उभं राहतं, खाली पार्किंग दाखवतात आणि काही वर्षांत तिथं शटर बसतं, गोडाऊन होतं, आणि गाड्या सगळ्या गल्लीत. स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीच्या खालच्या खांबांमधलं, पार्किंग बिल्डरला फ्लॅटसारखं वेगळं विकता येत नाही असं सुप्रीम कोर्टानं 2010 ला तेव्हाच्या कायद्यावरनं सांगितलेलं, पण फ्लॅट बघायला गेलं की पार्किंगचे वेगळे पैसे सांगतात. आणि लांबची उदाहरणं नको वाटत असतील तर माथेरान बघा, गावाबाहेर दस्तुरी नाक्याला गाडी ठेवायची आणि पुढं चालत, घोड्यावर, मिनी ट्रेननं, आता ई-रिक्षा पण आहेत, कुणी हॉटेलच्या दारात गाडी नेतो म्हणून अडून बसत नाही.

आपल्या गावाची म्हणून काही कलमं परमिटमधे लागतीलच, ती दुसऱ्या शहराच्या नियमातनं उचलून मिळणार नाहीत. गणपतीत मांडव पडला की गल्लीतल्या निम्म्या जागा जातात, त्या दिवसांत परमिटवाल्यांनी गाड्या कुठं न्यायच्या ते आधी लिहिलेलं पायजे. आणि पंचगंगेनं 39 फुटांची इशारा पातळी गाठली की वरच्या पेठांचे रस्ते सगळ्यांना खुले, परमिट नसला तरी. 2019 ला आणि 2021 ला खालच्या भागातली माणसं गाड्या वाचवायला वर आली होती, तेव्हा कुणी कुणाला स्टिकर विचारला नाही आणि पुढं पण विचारायला लागू नये.

परत वखारीवर. कुणी घ्यावं: रोज एकदा-दोनदाच गाडी काढणारा, ज्याच्या गल्लीत रोज भांडण आहे असा, आणि ज्याची गाडी आठवडाभर उभीच असते असा माणूस तर नक्कीच, असल्या गाडीनं गल्ली अडवायचं काहीच कारण नाही. कुणी घेऊ नये: रात्री-अपरात्री सारखं जा-ये करणारे, गेटाच्या वेळेचा त्रास होईल. मोठी गाडी असली तर गेटाजवळच्या ओळीत जागा मागा, मागं वळवायला अवघड जातंय. पहिल्या दिवशी पावती मागून घ्या, त्यावर चौकोनाचा नंबर लिहायला सांगा, आणि नवरात्रात गाडी अडणार नाही हे मालकाकडनं पावतीच्या मागं लिहून घ्या, माझ्या पावतीवर आहे. दिवा आणि खडीबद्दल नवीन येणाऱ्यांनी पण सांगत राहा, दोन-चार जणांनी म्हटलं की होतंय. मी हे लिहितोय तेव्हा मागच्या ओळीत दोन जागा रिकाम्या आहेत असं मामा म्हणाले, सकाळी दहाच्या आत गेलात तर मालक तिथंच भेटतात.